सर्वांत वरचा दगड

स्कॉटलंडातल्या मॅकफेरिक कुळाच्या मंडळाने डोंगरावर दगडांची रास रचली होती. कुळात मूल जन्मलं की त्याच्या नावाचा एक दगड राशीवर चढायचा, आणि तो चढवायचा मान इशबेल आजीचा.

यंदाच्या मेळाव्यात कुळप्रमुख सर हेक्टर भलाथोरला धोंडा घेऊन आले. "हा माझ्या नावाचा. कायम सगळ्यांत वर राहिला पाहिजे!"

आजीने हात झटकले.

"ठेवते की, साहेब. फक्त आजपासून कुळात पाळणा हलता कामा नये, हे तुम्हीच सगळ्यांना बजावा. सुरुवात घरापासून करा. तुमच्या सूनबाईंना आठवा महिना लागलाय."

एकच हशा पिकला. लालबुंद झालेल्या सर हेक्टरांनी सुनेकडे पाहिलं, मुकाट्याने धोंडा राशीच्या पायथ्याशी टेकवला आणि म्हणाले, "वरची जागा नातवंडाची."