गूळरावांचं राज्य

डबे-बरण्या आपापसांत बोलत असत, तेव्हाची गोष्ट. जाळीच्या कपाटात गूळराव राहत. आमटीत तेच, चटणीत तेच, पोळीतही तेच. कौतुक मात्र कायम दुसऱ्याचं. एक दिवस ते फणकारले, "सगळी गोडी माझी! मी वेगळा होणार."

"व्हा की," चिंचमावशी म्हणाल्या. "पण कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या आहेत, त्यांचं काय?"

"पाणी? मी विरघळतो त्यात! नकोच ते."

गूळरावांनी खाली उडी मारली आणि कोपऱ्यात राज्य थाटलं. दुपारीच पहिलं शिष्टमंडळ आलं, अगदी रांगेनं.

"महाराज, आम्ही मुंग्या. आपल्या राज्याला आमची मान्यता! सहकुटुंब राहायलाच आलोय."

पहिला लचका तुटला, तसे गूळराव पाण्याची वाटी ओलांडून धडपडत कपाटात चढले. मुंग्या वाटीतल्या पाण्यापाशी थबकल्या.

"मावशी, जागा आहे ना?" गूळरावांनी विचारलं.

"तुमचीच आहे. तुमचं नाव घ्यायला आम्हीच विसरलो, तेही खरंच."

"मग मी रोज कुरकुर करणार!" गूळराव अंग झटकत म्हणाले.

"करा हो, खुशाल करा," मावशी हसल्या. "फक्त पाण्याच्या अलीकडे बसून करा."