घोंगडी आणि इरलं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राजा कोण होता हे सांगायला आज कुणी उरलेलं नाही. पण त्याच्या राज्यात थंडी कुठे पडते आणि पाऊस कुठे कोसळतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. डोंगराखाली, समुद्रकाठी पाऊस. डोंगरावर, माळावर थंडी. खालच्यांनी थंडी पाहिलेली नाही, वरच्यांना पावसाची सवय नाही. ज्याचं त्याला असं वाटून दिलेलं होतं, आणि ते कायम तसंच राहणार असं सगळे धरून चालले होते.

समुद्रकाठी आवडाबाई नावाची एक बाई राहायची. हात कामाला चपळ, आणि जीभ हातांच्याही पुढे. तिची एकुलती एक लेक सगुणा डोंगरावरच्या गावात दिलेली. तिथे आवडाबाईला विहीण मिळाली म्हाळसाबाई. तीही काही कमी नव्हती.

लग्नात म्हाळसाबाईनं आहेर म्हणून एक घोंगडी पुढे केली. काळी, जाड, हाताला टोचणारी. मांडवातल्या खालच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या आणि आवडाबाईचं तोंड एवढंसं झालं.

"इथे घामानं जीव जातोय, आणि ही बाई मला घोंगडी देते," ती घरी येऊन म्हणाली. "आम्ही काय मेंढरं राखायची? टोमणा आहे हा. सरळ सरळ टोमणा."

आता गंमत बघा. त्याच लग्नात आवडाबाईनं लेकीच्या रुखवतात काय मांडलं होतं? इरलं. बांबूच्या कामट्यांचं, वरून पानांनी शाकारलेलं, पावसात डोक्यापासून कमरेपर्यंत झाकणारं. तिनं ते स्वतः विणलं होतं, बोटं सोलवटेपर्यंत. पण डोंगरावर पाऊस येतो तो पाहुण्यासारखा, ओसरीवर टेकून निघून जातो. तिथल्या लोकांना ते इरलं बघून काय वाटलं असेल, हे आवडाबाईच्या मनातसुद्धा आलं नाही. आपण दिली ती माया आणि विहिणीनं मारला तो टोमणा, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

घोंगडी माळ्यावर गेली. "माझ्या घरात ही कुणाच्या अंगाला लागायची नाही," असं आवडाबाईनं सगळ्यांना बजावलं. माणसांनी ऐकलं. मांजरीनं ऐकलं नाही. ती दरवर्षी त्याच घोंगडीवर व्यायची.

काही वर्षं गेली. सगुणेला दिवस राहिले आणि पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आली. मुलगी झाली. नाकी डोळी नीटस, पण अगदी मूठभर. आवडाबाईला आकाश ठेंगणं झालं.

आणि त्याच वर्षी हिवाळा वाट चुकला. कसा चुकला, कुणी चुकवला, मला विचारू नका. डोंगरावर उतरायची थंडी थेट खाली समुद्रावर येऊन बसली. माडांच्या झावळ्यांवर पांढरं दव गोठलं. कोळ्यांच्या बोटांना जाळं ओढवेना. लोकांकडे पांघरायला होतं तरी काय? कुणी शिडाचं कापड गुंडाळलं, कुणी भाताच्या पेंढ्यात शिरून बसलं. आणि घरं तर वारा खेळावा म्हणून बांधलेली, कुडाच्या भिंतींना बोटबोट फटी. उन्हाळाभर ज्या वाऱ्याचं कौतुक केलं, तोच आता घरात शिरून कुणाला बसू देईना.

आवडाबाईनं फटींत पेंढा कोंबला, शेगडीत करवंट्या पेटवल्या, घरातली सगळी लुगडी बाळाभोवती गुंडाळली. तरी बाळाचे पाय गार ते गारच. दुसऱ्या दिवशी तर बाळ दूध ओढेना. रडणंही बारीक झालं.

सुईण आली. तिनं बाळाचे तळवे हातात धरले आणि हळूच म्हणाली, "आवडाबाई, हिला ऊब हवी. दूध ओढायलाही अंगात ऊब लागते. लुगड्यांनी भागायचं नाही."

"शेगडी अजून जवळ घेऊ?"

"जवळ घेतली तर पोर धुरानं गुदमरेल. काहीतरी जाड बघा."

आवडाबाई घरभर नुसती फिरत राहिली. हे उचल, ते ठेव. आणि फिरता फिरता तिच्या ध्यानात आलं, की सकाळपासून मांजर कुठे दिसली नाही. एरवी चुलीपासून हलायची नाही. ती शिडी चढून माळ्यावर गेली.

मांजर घोंगडीत होती. चार पिल्लं पोटाशी, आणि पाचही जणं सुखानं घोरत पडलेली. आवडाबाईनं हात आत घातला. आत ऊब होती. बाहेर सगळा गाव कुडकुडत होता आणि इथे भाकरीच्या टोपल्यासारखी ऊब होती. मांजरीनं एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं. बोलली काही नाही, तशी गरजही नव्हती.

आपलेच शब्द आवडाबाईला आठवले. मग ती स्वतःशीच म्हणाली, "जळो तो माझा मान." पिल्लांना तिनं पेंढ्याच्या टोपलीत ठेवलं, घोंगडी खाली आणून चांगली झटकली, तिला ओव्याची धुरी दिली. आत मऊ लुगडं, वरून घोंगडी, असं बाळाला गुंडाळून सगुणेच्या कुशीत दिलं आणि आपण शेजारी बसून राहिली.

दुपार कलली तेव्हा बाळाचे पाय कोमट लागले. थोड्या वेळानं ते चुळबुळलं, तोंड शोधू लागलं, आणि चक्क दूध ओढू लागलं. आवडाबाईनं पदर डोळ्यांना लावला.

"आई," सगुणा म्हणाली, "या घोंगडीची लोकर सासूबाईंनी स्वतः कातलीय. सबंध हिवाळा. त्यांच्याकडे याहून मोलाचं काही नसतं गं. जी माणसं आपली, त्यांनाच देतात."

"मग इतक्या वर्षांत बोलली का नाहीस, बाय?"

"तू घोंगडीचं नाव तरी काढू देत होतीस का?"

आवडाबाईनं घोंगडीच्या काठावरून हात फिरवला. ती टोचत होती, पण आता तिला त्याचं काही वाटलं नाही. डोंगराकडे तोंड करून तिनं मनातल्या मनात हात जोडले.

बारशाचा दिवस उजाडला. थंडी अजून हटली नव्हती. विहीणबाई येणार म्हणताच आवडाबाईच्या मनात जुनी खोड पुन्हा जागी झाली. घोंगडी पाहिली की ती हसणार, चारचौघांत बोलून दाखवणार. तेवढ्यापुरती माळ्यावर टाकावी का? ती पाळण्यापाशी गेलीसुद्धा. पण आत बाळ ऊबदार झोपलं होतं, आणि घोंगडी काढायची म्हणजे त्याला उघडं करायचं. तिनं हात मागे घेतला. "बोलली तर बोलली," ती म्हणाली. "ऐकून घेईन."

तेवढ्यात अंगणात कुणीतरी आलं. आवडाबाई दारात गेली आणि बघतच राहिली. पाहुणी डोक्यावर इरलं घेऊन आली होती. पानं काळवंडलेली, एका बाजूची कामटी मोडलेली, पण विणीवरून तिनं ते लगेच ओळखलं. इरल्याखालून म्हाळसाबाईनं मान वर केली.

"हसा, विहीणबाई," ती म्हणाली. "आज तुमचा हक्क आहे. इतकी वर्षं मी याखाली कोंबड्या कोंडल्या. तुम्ही आमच्या कोरड्या माळाची थट्टा केली, असं वाटायचं मला."

"मग आता काय झालं?"

"पाऊस झाला. ऐन थंडीच्या दिवसांत, मळणीच्या वेळी. खळ्यावर जोंधळ्याची रास उघडी पडलेली, आणि झाकायला घरात काही नाही. तुमचं इरलं राशीच्या डोक्यावर उपडं घातलं. बाकीचं भिजलं, काळं पडलं. पण याच्याखालचं राहिलं. पुढच्या पेरणीपुरतं बियाणं राहिलं, विहीणबाई. नाहीतर पुढचं वर्ष आम्ही काय पेरलं असतं?" तिनं इरलं उतरवून भिंतीला टेकवलं. "वरच्या वाटेला अजून पाऊस आहे, म्हणून तेच डोक्यावर घेऊन आले. म्हटलं, आभार मानायचे तर तुमच्या वस्तूसकट जावं."

आवडाबाईनं विहिणीचा हात धरला आणि तिला पाळण्यापाशी नेलं. म्हाळसाबाईनं आत वाकून पाहिलं. काळ्या घोंगडीत नातीचं तोंड तेवढं दिसत होतं. गाल लाल झालेले.

"ही घोंगडी नसती, तर आज बारसं नसतं," आवडाबाई म्हणाली. "आणि मी तिच्यावर मांजरीला विऊ दिलं. माझं चुकलं, विहीणबाई."

"माझ्या कोंबड्या, तुमची मांजर," म्हाळसाबाई डोळे पुसत म्हणाली. "फिटंफाट झाली आपली."

दोघी हसल्या, आणि हसता हसता रडल्या. मग त्या दोघींनी मिळून पाळण्याची दोरी धरली.

तेव्हापासून त्या राज्यात खालची लेक वर गेली की रुखवतात इरलं जातं, आणि वरून आहेरात घोंगडी येते. हसत कुणी नाही. दोन्ही वस्तू घरात हाताशी टांगलेल्या असतात, कारण हिवाळा पुन्हा कधी वाट चुकेल, याचा काही नेम नाही.

आणि मुलांनो, मोठ्यांनो, या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: वस्तूची गरज कधी पडेल ते आपल्या हाती नसतं, पण देणाऱ्याची माया वेळीच ओळखणं आपल्याच हाती असतं.