नातीच्या वाट्याची माती

चीन देशात नदीकाठच्या एका गावी शेन नावाचा कुंभार राहत असे. चिनी मातीची भांडी घडवणे हा त्याचा पिढीजात धंदा. त्या घराण्याची एक रीत होती. पांढरी माती आजोबांनी धुऊन, मळून परसातल्या खड्ड्यात मुरत घालायची आणि नातवंडांनी ती उघडायची. मधल्या पिढीने तिला हात लावायचा नाही. शेनचे सगळे नाव त्याच्या आजोबांच्या मातीवर झाले होते. तो मात्र ती आपल्याच हातांची करामत समजत असे.

शेनच्या वडिलांनी मुरवलेली माती दुसऱ्या खड्ड्यात होती. ती शेनच्या मुलीच्या, सूयिनच्या वाट्याची. सूयिन चाकावर बसायला शिकली होती. येत्या वसंतात खड्डा उघडायचा म्हणून ती हरखून गेली होती.

अशात सम्राटांचा कारभारी दारी आला. म्हणाला, "महालासाठी मोठ्या फुलदाण्यांची जोडी हवी. तळाशी तुमचं नाव राहील."

शेन हुरळून गेला. पण आजोबांची माती तळाला गेली होती. भर दुपारी त्याने दुसऱ्या खड्ड्यावरची फळी सरकवली. आतली माती संथपणे वर-खाली होत होती, झोपलेल्या माणसाची छाती हलावी तशी. शेनच्या अंगावर काटा आला.

"पोरीसाठी दुसरी मुरवू," तो स्वतःशीच पुटपुटला. माती मुरायला किती वर्षे लागतात, हे त्याला चांगले ठाऊक होते. तरी त्याने डोळे मिटून फावडे घातले.

पहिली फुलदाणी भट्टीतून निघाली, ती दुधासारखी पांढरी. पण तिच्या अंगावर केसासारख्या बारीक रेषा होत्या. शेनने त्या पुसून पाहिल्या, त्या जाईनात. त्याने नखाने टिचकी मारली, आणि घरातून सूयिन ओरडली, "आई गं!"

ती धावत बाहेर आली. "बाबा, माझ्या हाताला काय झालंय बघा ना!"

तिचा उजवा तळवा पांढराफटक, गार आणि गुळगुळीत झाला होता. त्यावर एकही रेषा उरली नव्हती. हाच हात धरून शेनने तिला चाकावर शिकवले होते. फुलदाणीवरच्या रेषा कोणाच्या, हे त्याला लगेच कळले.

कळले, आणि तरीही तो म्हणाला, "भट्टीची धग लागली असेल. होईल बरं."

कारण जोडी अजून अर्धीच झाली होती.

दुसरी फुलदाणी निघाली त्या दिवशी सूयिन चाकाशी बसली होती. माती तिच्या बोटांवरून निसटत होती. तिने घाबरून हात जोडले, तर दोन भांडी एकमेकांवर आपटावीत तसा टण्णकन आवाज झाला. फुलदाणी फुटली तर हात परत येतील, या आशेने शेनने हातोडा उचलून तिच्यावर घातला. एक टवका उडाला, तशी सूयिन किंचाळली, "बाबा, नको!" आणि तिच्या करंगळीचे टोक जमिनीवर पडले. रक्त आले नाही.

कारभारी आला. त्याने फुलदाण्या निरखल्या. "यांवर तर रेषा आहेत. आणि हिचा टवका गेलाय. महालात असलं चालत नाही." असे म्हणून तो रिकाम्या हाताने निघून गेला.

त्यानंतर शेनने एकही भांडे घडवले नाही. रोज मुलीला घास भरवायचा आणि नदीवरची माती आणून धुवायची, मळायची, एवढेच त्याचे काम उरले. एके दिवशी सूयिनने विचारले, "ही माती कोणासाठी, बाबा?"

"तुझ्या मुलांसाठी. चांगली मुरेल बघ तोवर."

"आणि त्यांना शिकवणार कोण?"

शेनचे मळणारे हात थांबले.

तात्पर्य: घरात ठेवलेले सगळेच आपले नसते. पुढच्या पिढीच्या वाट्याला जो हात घालतो, तो तिचे हात तोडतो, आणि कला तिथेच संपते.