मोटार आणि गोधडी

"कॉईलपाशी करंट आहे, प्लगपाशी न्हाई. मग मधल्या मधे जातो कुठं, उस्ताद?"

"मलाच इचारतोस?" रज्जाक उस्ताद चहा फुंकत म्हणाले. "गॅरेज तू काढणार ना?"

भैरूने हातातला पाना फडक्याला पुसला.

कराडला त्याचा गाळा ठरला होता, पाटीसुद्धा रंगवून झाली होती. गडी गुडघ्याला बाशिंग बांधूनच बसला होता. राहिली होती ती फक्त उस्तादांची परवानगी. शिष्य निघाला की उस्ताद आपल्या वापरातली एक वस्तू त्याच्या हातात ठेवत. ती न घेता गेलेल्याला अख्ख्या मिरजेत कुणी मिस्त्री म्हणत नसे. भैरूचा डोळा त्यांच्या जुन्या जर्मन पान्यांवर होता.

त्याआधी ही म्हातारी काळी मोटार सुरू करून दाखवायची होती. आणि ती बया काही केल्या दाद देत नव्हती.

त्याने प्लग बदलले. पॉइंट घासले. कंडेन्सर नवा घातला, वर कॉईलही. मग दिव्याच्या जोडीला दुसरा दिवा टांगून तो पुन्हा बॉनेटखाली वाकला.

"जेवून घे."

"सुरू झाल्याबिगर घासाला शिवणार न्हाई."

उस्तादांना ही जिद्द मनापासून आवडायची. पण तसं ते कधी बोलून दाखवत नसत.

"काय शोधतोस?"

"ठिणगी कुठं गळतीय ते."

"घावली?"

"दोन दिवे लावलेत की! असती तर दिसली नसती व्हय?"

उस्ताद उठले. दोन्ही दिवे बंद केले. दुपारी अंगावर घ्यायची आपली गोधडी आणली आणि भैरूच्या डोक्यासकट बॉनेटवर टाकली.

"अवो, कायबी दिसंना!"

उस्ताद मोटारीचं दार उघडत होते.

"उस्ताद…?"

"हात आवर. पंख्याकडची कड वर खोच, न्हाईतर गुंतंल. आन् बघत राहा."

ते स्वतः गाडीत बसले आणि स्टार्टर फिरवू लागले.

कुंई… कुंई… कुंई…

गोधडीखालून एकदम ओरड आली, "घावली! उस्ताद, घावली!"

कॉईलच्या जाड वायरच्या पोटाखाली, पत्र्याच्या क्लिपपाशी, उजेडात न दिसलेली निळी ठिणगी तडतडत होती. वरून धडधाकट दिसणारी वायर तिथे केसभर चिरली होती. प्लगकडे निघालेला करंट वाटेतच इंजिनाच्या अंगावर उडत होता.

भैरूने वायर बदलली. मोटार खोकली, थरथरली आणि सुरू झाली.

त्याचे डोळे भरून आले. तेलकट बाहीने ते पुसून त्याने उस्तादांचे पाय धरले. नजर मात्र पान्यांच्या पेटीवर.

उस्तादांनी गोधडीची नीट घडी घातली आणि त्याच्या हातात ठेवली.

भैरू गोधडीकडे बघत राहिला. मग पेटीकडे.

"आन्… पाने?"

"ते बाजारात मिळतात."