तीन वाट्या बिनसाखरेची खीर

"साखर बंद! गूळ बंद! मधसुद्धा बंद!" वैद्यबुवांनी असं सांगितलं आणि शिंपलेगडच्या उदाजीराजांचं तोंडच उतरलं. त्यात राणीसाहेबांनी त्यांना भर दरबारात शपथ घ्यायला लावली. झालं! राजा एक नंबरचा हट्टी, त्याने सगळा राग काढला कुणावर? तर बिचाऱ्या रखमाजी आचाऱ्यावर!

"उद्या दुपारी मला खीर पाहिजे! साखर, गूळ, मध, फळ, यातलं काही घालायचं नाही. पण गोड पाहिजे! नाही जमलं तर राज्याबाहेर चालता हो!"

रखमाजी डोक्याला हात लावूनच घरी आला. "येसू, भांडी बांध बाई. संपलं आपलं!"

येसू त्याची लेक. जीभ कात्रीसारखी! "भांडी बांधली तर खीर कशात करू, बाबा?"

आणि तिने फडताळातून दालचिनी काढली. साधीसुधी नाही हां! येसूचे पणजोबा गलबतावर तांडेल. त्यांनी पार व्हिएतनामहून रोप आणून परसात लावलं होतं, त्या म्हाताऱ्या झाडाची ही साल. जिभेवर ठेवली की आधी चक्क गोड, आणि मग अशी तिखट की कान गरम! यांच्या घरी ती भातात पडायची, मटणाच्या रश्श्यात पडायची, पाहुणे आले की काढ्यातही. येसूने ती कुटून वस्त्रगाळ केली. दूध आटवून आटवून पार घट्ट केलं, त्यात तांदूळ शिजवले आणि शेवटी वरून दालचिनी घातली. घमघमाट नुसता!

दुसऱ्या दिवशी राजा जेवायला बसला, शेजारी राणीसाहेब. राजाने एक वाटी संपवली. दुसरी संपवली. तिसरी तर बोटाने पुसून खाल्ली. आणि मग ओरडला, "लबाडी! यात साखर आहे!"

बाबांच्या मागे उभी असलेली येसू पुढे झाली. "मुंग्यांना विचारा ना, महाराज! त्या काही माझ्या नात्यातल्या नाहीत."

एका ताटलीत साखरेचा शिरा, दुसरीत खीर, दोन्ही अंगणात ठेवली. थोड्या वेळात शिऱ्यावर मुंग्यांची ही झुंबड! खिरीकडे एकही फिरकली नाही.

"आम्हाला वेडं समजतेस?" राजा म्हणाला. "दालचिनीच्या वासाला मुंग्या पळतात! पोतंभर साखर असती तरी आल्या नसत्या!"

अरे देवा! आता? येसूने एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा राणीसाहेबांकडे.

"बरं. साखर आहे हे महाराजांना कधी कळलं?"

"पहिल्या घासाला! आमची जीभ आहे ती!"

"पहिल्या घासाला?" येसूने डोळे मोठ्ठे केले. "आणि तरी तीन वाट्या खाल्ल्या? शपथ घेऊन? राणीसाहेबांच्या शेजारी बसून?"

राणीसाहेबांनी हळूच राजाकडे मान वळवली.

"बघा बुवा," येसू म्हणाली, "साखर असेल तर शपथ मोडली तुम्ही. नसेल तर तुमची अट पुरी केली मी. काय ते तुम्हीच ठरवा!"

"नाही! नाही! साखर अजिबात नाही!" राजा घाईघाईने ओरडला, आणि मग स्वतःच असा खदाखदा हसला की फेटा सुटला. "रखमाजी, तू कुठेही जायचं नाहीस! आणि आजपासून मुदपाकखान्याच्या किल्ल्या तुझ्या लेकीकडे!"

हातातलं सोन्याचं कडं काढून त्याने येसूला दिलं, आणि दुसऱ्या हाताने वाटी पुढे केली.

"वाढ!"