झेंडूमागे शेंदऱ्या

मासे बोलायचे आणि त्याचं कुणाला नवलही वाटत नसे, तेव्हाची ही गोष्ट. दमयंतीबाईंच्या शिवणक्लासात काचेच्या गोल भांड्यात झेंडू आणि शेंदऱ्या हे दोन गोल्डफिश राहत. एके सकाळी शेंदऱ्या जो झेंडूच्या मागे लागला, तो थांबेचना. गरगर पळून बिचारीच्या शेपटीची झालर फाटली. “कसे छान खेळतायत!” म्हणत बाई काचेवर टिचक्या मारत होत्या.

शेवटी झेंडूने काचेला चिकटलेल्या म्हाताऱ्या गोगलगायीला हाक मारली. “आजी, माझं काय चुकलं ते विचारा हो याला!”

“हिने माझा दाणा लाटलाय,” शेंदऱ्या म्हणाला.

“तू पाहिलंस?” आजींनी विचारलं.

“पाहायचं काय त्यात? लाटला नसता तर पळाली असती का?”

“तू मागे लागलास म्हणून पळाले!” झेंडू ओरडली.

“मग आता थांबा दोघंही,” आजी म्हणाल्या. दोघं थांबले. झेंडूला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! काम झालं म्हणून आजी हळूच पुढे सरकल्या.

झेंडूने ते पाहिलं आणि तिचे डोळे बारीक झाले. “शेंदऱ्या,” ती म्हणाली, “आजी पळतायत बघ.”

दोघं आजींच्या मागे लागले. आजी जीव मुठीत धरून धावल्या आणि दुपारपर्यंत वीतभर लांब पोचल्या. तेव्हा कुठे बाईंना आठवलं, की सकाळी दाणे टाकायचेच राहिले. त्यांनी चिमूटभर टाकले. दाणे वर नुसते तरंगत राहिले. खायला सवड होती कुणाला?