डाव्या हाताचं घड्याळ

ही गोष्ट शंभर टक्के खरी, कारण मी समोरच बसलो होतो. म्हणजे, मी त्या दिवशी कोल्हापुरात होतो आणि गोष्ट घडली मिरजेत; पण तेवढ्या अंतरानं खरेपणाला काय होतं?

"सर, चाचणी खोटी कशी असेल?" डॉक्टर शार्दूल विचारत होता.

हुपरीकर सरांचे केस मेंदूच्या चाचण्या घेण्यातच पांढरे झालेले. शार्दूल त्यांचा शिष्य. हुशार, आणि ते त्याला माहीत असलेला.

शेजारी बांगड्यावाल्या अनुसाक्का बसल्या होत्या. पुतण्याला त्यांचं दुकान हवं होतं, आणि त्यासाठी अक्कांचं डोकं ठिकाणावर नसल्याचा दाखला. शार्दूलनं त्यांना कागदावर घड्याळ काढायला लावलं : अकरा वाजून दहा मिनिटं. निघालं ते चेपलेल्या पपईसारखं. स्मृतिभ्रंश, तो म्हणाला. परदेशात हजारोंवर पारखलेली चाचणी आहे.

"त्या हजारांत अक्कांसारखे कधी पेन्सिल न धरलेले किती?"



सरांनी पेन्सिल शार्दूलच्या डाव्या हातात दिली.

"काढ. अकरा दहा."

त्यानं काढलं. सर म्हणाले, आता तुझ्याच नियमानं गुण दे. गडी प्रामाणिक. स्वतःला अक्कांपेक्षा एक गुण कमीच दिला.

अक्कांनी तो कागद उलटासुलटा करून पाहिला.

"डाक्टर, तुमालाबी पुतण्या हाय काय?"

…

"मग सर, चाचणी फेकून द्यायची?"

"मापं चुकली म्हणून तराजू फेकतोस?"

सरांनी त्याला गावोगाव धाडलं. कधी पेन्सिल न धरलेल्या म्हाताऱ्यांची घड्याळं आण म्हणाले. ठणठणीत डोक्याच्यांची, आणि खरोखर विसरायला लागलेल्यांचीही.

पावसाळा सरता सरता शार्दूल गठ्ठा घेऊन आला. सरांनी नावं झाकली, अक्कांचं घड्याळ त्यात सरकवलं, आणि कागद पत्त्यांसारखे पिसले.

"आजारी वेगळे काढ."

त्यानं काढले. कुठं आकडे एकाच कुशीला गोळा झालेले, कुठं काटेच नाहीत. नावं उघडली. एखादा सोडला तर सगळे बरोबर.

अक्कांचं घड्याळ मात्र राहिलेल्या गठ्ठ्यात होतं. त्यातलं नेमकं कुठलं, ते नाव उघडेपर्यंत त्याला ओळखता आलं नव्हतं.

पुतण्या दाखल्याविना परत गेला.

"अक्का पास झाल्या, सर."

सर गठ्ठा बांधत होते.

"अक्का नापास कधी होत्या? आज पास झाली ती चाचणी."

यातला अक्कांचा पुतण्याबद्दलचा टोमणा तेवढा माझा. अक्का प्रत्यक्षात जे बोलल्या, ते छापण्यासारखं नाही.